अंथरुणातली जागा

चेझारच्या दोन माणसांनी मिळून पलंग भिंतीपासून ओढला आणि पुढच्या खोलीतलं लिनोलियम एका टोकाकडून गुंडाळायला घेतलं. अग्लाया दारात उभी होती, हातात जिरेनियमची कुंडी. ती कुठे ठेवायची हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तिनं ती धरूनच ठेवली होती. लिनोलियमखालून जमीन निघाली; मातीची, आईच्या हातानं शेवटची सारवलेली, जागोजाग भेगा पडलेली. इतक्या वर्षांनी उजेड लागला तसा तिला वास सुटला, ओलसर आणि शिळा.

"वा," चेझार म्हणाला. "हे तर तयारच आहे."

चेझार तिच्या धाकट्या भावाचा माणूस. तिबेरियू देशाच्या अध्यक्षपदाला उभा राहिल्यापासून त्याच्याभोवती जी मंडळी जमली होती, त्यांतला हा सगळ्यांत जवळचा. पस्तिशीचा असेल. आवाज कधी चढवायचा नाही. पहिल्याच दिवसापासून तो तिला मावशी म्हणत होता.

"टीव्ही मागच्या खोलीत जाईल, मावशी. आणि ते पडदेही काढू. तेव्हा पडदे कुठले?"

"पडदे होते," अग्लाया म्हणाली. "आई विणायची."

"असतील ना. पण लोकांना पटणार नाही."

लोकांना काय पटतं आणि काय नाही, यावरच तर सगळं अडलं होतं. महिन्याभरापूर्वी तिबेरियूनं टीव्हीवर आपल्या लहानपणाची गोष्ट सांगितली होती. वडील जंगलात लाकूडतोडीला गेले ते परतलेच नाहीत. आई सामुदायिक शेतावर राबायची. चुलीत मक्याची धाटं जाळायची, ती भुर्रकन जळून जायची आणि पहाटेपर्यंत भिंतीला आतून बर्फ धरायचा. एका अंथरुणात सगळे. मध्ये दोन वर्षांची इलिंका, खोकणारी. "आणि एका सकाळी," तिबेरियू म्हणाला होता, "ती खोकत नव्हती." पुढे त्याला बोलवेना. मुलाखत घेणाऱ्यानंही मान खाली घातली होती.

अग्लायानं ते इथेच बसून पाहिलं होतं, मांडीवर मटारच्या शेंगा घेऊन. ऐकताना तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. कारण त्यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त तिबी, म्हणजे तिबेरियू, तिथे नव्हता. त्याचे दुधाचे दात पडायच्या आत आईनं त्याला बर्लाद शहरात धाडून दिलं होतं, मावशीकडे. मावशीचा नवरा सरकारी अन्नदुकानाचा व्यवस्थापक. त्या काळात असा माणूस म्हणजे गावचा राजा. तिबी तिथेच शिकला, तिथेच वाढला. उन्हाळ्यात पंधरवडाभर यायचा तेव्हा त्याच्या शर्टाला इस्त्री असायची. त्या अंथरुणात आई होती, इलिंका होती, आणि भिंतीच्या बाजूला नऊ वर्षांची अग्लाया होती. हे तिनं आयुष्यात एकदाच कुणाला सांगितलं होतं. आईला पुरून आल्यावर, मागच्या पायरीवर बसून, तिबीला.

त्या मुलाखतीनंतर इंटरनेटवर जे सुरू झालं ते शेजारची सावेता तिला वाचून दाखवायची. सावेता ऐंशीला टेकलेली, पण तिची मुलगी इटलीत म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायची आणि आईला दर वर्षी नवा फोन पाठवायची.

"'आमच्याकडे हत्ती होता, तोही थंडीनं गेला,'" सावेता वाचायची. "'साहेबांचं गरिबीचं दुकान जोरात आहे.' हा बघ आणखी एक. 'खोकल्याला किती मतं पडतात?' मेल्यांना आईबाप आहेत की नाहीत."

आधी नुसती टवाळी होती. मग कुणीतरी गावात येऊन दफनभूमीचं चित्रीकरण करून गेला. एकेक क्रॉस दाखवला. इलिंका नावाचा एकही नव्हता. गावच्या कचेरीतली त्या सालातली कागदपत्रं पुरात गेली होती, त्यामुळे तिथेही काही मिळालं नाही. 'अशी पोर जन्मलीच नव्हती,' असं लोक आता उघड लिहू लागले. विहिरीपाशी परक्या गाड्या थांबायच्या. घरावरून काहीतरी भुणभुणत जायचं. वर पाहिलं तर चार पंखांचं यंत्र, जागच्या जागी लटकलेलं. तिचा फोन वाजायचा. उचलला की पलीकडे कुणीतरी लहान मुलासारखं खोकायचं आणि ठेवून द्यायचं.

म्हणून चेझार आला होता. उद्या वाहिनीची माणसं येणार होती, थेट प्रक्षेपणासाठी. भाऊ आणि बहीण, त्याच खोलीत.

खोली लावून झाल्यावर तो तिला दफनभूमीकडे घेऊन गेला. कुंपणालगत, जिथून मागची टेकडी छान दिसायची, तिथे एक लहानसा लाकडी क्रॉस उभा होता. लाकूड करडं पडलेलं, कडा झिजलेल्या, नाव जेमतेम वाचता येईल असं. इलिंका. अग्लायानं हात लावून पाहिला. बोटांना राख लागली.

"ती इथे नाही," ती म्हणाली.

"कॅमेऱ्याला जमिनीखालचं दिसत नाही, मावशी."

"ती आईपाशी आहे. आईला तिच्याच जागेत ठेवलं. आईनंच तसं सांगून ठेवलं होतं. तिच्या क्रॉसचं लाकूड कधीच कुजून गेलं होतं, पण जागा मला माहीत होती."

चेझारनं मागे वळून दफनभूमीवर नजर टाकली. मग त्यानं विचारलं, "हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"सावेताला. खणणारे दोघे गेले."

"साहेबांना?"

"तिबी पोचला तेव्हा माती लोटून झाली होती."

त्यानं मान डोलावली. परत येताना वाटेत त्यानं फोन काढून तिला एक फोटो दाखवला. जुना, पिवळट. बर्लादची मावशी, नवीन वर्षाचं झाड, आणि पुढ्यात एक मूल. कानांपर्यंत ओढलेली केसाळ टोपी, हातात संत्रं. मावशीच्या इमारतीत राहिलेल्या कुणा बाईनं तो कालच इंटरनेटवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, या घरात त्यांच्या खेड्यातल्या नातलगांचं एक मूल वाढत होतं आणि त्याला कशाची ददात नव्हती.

"मुलगा की मुलगी, कळत नाही," चेझार म्हणाला.

"तिबी आहे तो."

"मला माहीत आहे. पण कळत नाही." त्यानं फोन खिशात ठेवला. "एक मूल तिकडे होतं. बरोबर? ते नाकारण्यात अर्थ नाही. फक्त कोणतं, एवढंच. मावशी-काका दोघंही हयात नाहीत."

अग्लाया चालायची थांबली.

"शाळेत नाव असेल त्याचं."

"शाळेची काळजी तुम्ही करू नका."

"आणि गाव? गावाला माहीत नाही?"

"गावाला गॅस हवा आहे, मावशी. लोक किती वर्षं लाकडं फोडतायत."

"नाही," अग्लाया म्हणाली. तिनं हे इतक्या हळू म्हटलं की पुन्हा म्हणावं लागलं. "नाही. मी होते तिथे. मी सांगेन, होती ती पोर, मी पाहिलीय. तेवढं पुरे आहे."

"पुरे होणार नाही. तुम्ही म्हणाल मी होते, साहेब नव्हते. त्याच क्षणी साहेब खोटे. साहेब खोटे म्हणजे त्यांची बहीण खोटी आणि खोकला खोटा. दुसऱ्या दिवसापासून ती पोर म्हणजे निवडणुकीत रचलेली एक गोष्ट." त्याच्या आवाजात दटावणी नव्हती. औषध कधी घ्यायचं हे समजावावं तसा तो बोलत होता. "आणि तुम्ही म्हणालात, ती आईच्या कबरीत आहे, तर? लोक आताच लिहितायत, खणून दाखवा म्हणून."

ती घराकडे चालू लागली. तोही मागोमाग आला. तिच्या फाटकाशी त्याची एक गाडी उभी राहिली, आत दोन माणसं. तुमच्याच सुरक्षेसाठी, तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अग्लाया मेणबत्ती घेऊन आईकडे गेली. लांबूनच तिला काहीतरी वेगळं वाटलं. जवळ गेल्यावर दिसलं, झेंडूची रोपं हलली होती. उपटून पुन्हा लावली होती, अगदी नीट, एका रांगेत. तिनं ती कधी रांगेत लावली नव्हती. पायथ्याची माती भुसभुशीत होती आणि वरून हातानं थापलेली. फार खोल गेलं नव्हतं कुणी. पाहून गेलं होतं, इतकंच.

रस्त्यानं येणारा-जाणारा कुणीही असू शकतो, तिनं स्वतःला सांगून पाहिलं. पण कॅमेरे घेऊन आलेल्यांना ही जागा माहीत नव्हती. ती तिनं काल एकाच माणसाला सांगितली होती.

ती गुडघ्यांवर बसली आणि रोपं काढून पुन्हा लावू लागली, जशी होती तशी, वेडीवाकडी. मेणबत्ती लावायची राहून गेली.

दुपारी तिबेरियू आला. टीव्हीवर दिसतो त्याहून बारीक, डोळ्यांखाली काळं. त्यानं सगळ्यांना बाहेर घालवलं आणि स्वयंपाकघरात आईच्या स्टुलावर बसला.

"मामालिगा आहे का गं ताई?"

तिनं मक्याची उकड ताटात काढली, बाजूला मेंढीचं चीज आणि आंबट साय वाढली.

"आपल्याकडे चीज कुठे असायचं," तो म्हणाला.

"तुझ्याकडे असायचं."

तो हसला, पण घास तोंडात घोळवत राहिला. मग चमचा खाली ठेवला.

"चेझार बोलला तुझ्याशी?"

"आईची माती उकरली कुणीतरी."

तिबेरियूनं चटकन वर पाहिलं. त्याला माहीत नव्हतं, हे तिला त्याच्या तोंडावरून कळलं. आणि तो विचारणार नाही, हेही कळलं. त्यानं दाराकडे पाहिलं, चेझार पलीकडे उभा असेल त्या दिशेला, आणि पुन्हा ताटाकडे पाहू लागला.

"ताई, मला ती आठवते," तो म्हणाला. "तू म्हणशील मी ढोंग करतो. मला तिचा खोकला ऐकू येतो. भिंतीचा गारवा पाठीला लागतो. तू सांगितल्यापासून एकही हिवाळा त्यावाचून गेला नाही."

"मी सांगितलं म्हणून."

"हो, तू सांगितलंस म्हणून. मग मला काय आठवायचं? संत्री?" त्यानं ताट बाजूला सारलं. "मला कुणी विचारलं होतं, जातोस का? तुम्ही तिघी एका अंथरुणात होतात. मी त्या मोठ्या खोलीत एकटा. काका झोपायला गेले की त्या दिवाणखान्याला बाहेरून कुलूप लावायचे, मी रात्री काही चोरून खाईन म्हणून. मी भिंतीला पाठ लावून झोपायचो आणि म्हणायचो, ही आई, ही ताई. इलिंकाला तर मी धड पाहिलंही नव्हतं."

त्याच्या हनुवटीखाली दाढी करताना कापलं होतं. अग्लाया त्या रेघेकडे पाहत राहिली. तिला एकदम आठवलं, मावशी त्याला न्यायला आली तेव्हा तो कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन बसला होता आणि त्याला बाहेर ओढून काढणारी तीच होती. आईनं सांगितलं होतं म्हणून.

"तो क्रॉस," ती म्हणाली.

"काढायला सांगतो. तुला नको असेल तर."

"नको. राहू दे तिथेच." तिनं त्याचं ताट उचललं. "ज्याला खणायचंय तो तिथे खणेल."

वाहिनीची बाई ठेंगणी, चटपटीत होती. तिनं जमिनीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि अग्लायाला पलंगावर बसवलं. तिबेरियू शेजारी. दिवे लागले तशी खोली इतकी उजळली की मातीतली गवताची काडी न् काडी दिसू लागली.

बाईनं फोटोबद्दलच पहिला प्रश्न विचारला. या फोटोतलं मूल कोण?

चेझार कॅमेऱ्यामागे हाताची घडी घालून उभा होता. अग्लायानं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"मी," ती म्हणाली.

"बर्लादला तुम्ही होतात?"

"मी होते."

आणि मग ती बोलली. तिला वाटलं होतं जीभ अडेल, पण अडली नाही. उन्हाळ्यात पंधरा दिवस तिबी यायचा तेव्हा ती त्याला झोपू द्यायची नाही; तिथे काय खातात, कसं खातात, पुन्हा पुन्हा सांगायला लावायची. त्याचं बालपण तिला पाठ होतं. संत्र्याची सालं मावशी शेगडीवर वाळत घालायची, ती तिनं सांगितली. काका सलामी सॉसेजचे काप इतके पातळ करायचे की त्यांतून खिडकी दिसायची, तेही सांगितलं. फरशी गुळगुळीत होती आणि मोजे घालून घसरता यायचं. नळातून गरम पाणी यायचं. दिवाणखान्याला कुलूप असायचं.

"कुलूप का?" बाईनं विचारलं.

"मी चोरून खाईन म्हणून," अग्लाया म्हणाली.

शेजारी तिबेरियूचा श्वास अडकल्याचं तिला ऐकू आलं.

"आणि धाकटी बहीण गेली, त्या दिवसाबद्दल काय सांगाल?"

"मी काय सांगणार. मी नव्हते." तिनं हात मांडीवर ठेवले. "हा होता. याला विचारा."

तिबेरियू बोलू लागला. थांबत थांबत, जमिनीकडे पाहत. आई कडेला, मध्ये इलिंका, मी भिंतीकडे. धाटं विझली होती. तिचा पाय माझ्या पोटाला लागलेला होता आणि तो गार होता. मी आईला उठवलं नाही. वाटलं, ती झोपलीय तर झोपू दे. अग्लाया ऐकत होती. तिच्याच शब्दांत चाललं होतं सगळं, तिनं पायरीवर सांगितलं त्याच क्रमानं. पण त्याच्या तोंडून ते अधिक खरं वाटत होतं. तो रडला तेव्हा वाहिनीच्या बाईनं डोळे टिपले, दिवे धरणाऱ्या माणसानंही टिपले. अग्लायाच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं नाही. तिला फक्त एवढंच जाणवलं की पाठीला जन्मभर लागत आलेला तो भिंतीचा गारवा आता लागत नाहीये.

चेझारनं दिवे मालवायची खूण केली. जाताना तो तिचा हात हातात घेऊन म्हणाला, "मावशी, तुम्ही आमच्या सगळ्यांहून सरस निघालात."

नोव्हेंबरात तिबेरियू निवडून आला.

इंटरनेटवरची हवा त्याच्याही आधी फिरली होती. लोक आता इलिंकासाठी मेणबत्त्यांची चित्रं लावत होते. राजधानीतून बसगाड्या येऊ लागल्या. कुंपणालगतच्या क्रॉसपाशी खेळण्यांचा, लोकरीच्या टोप्यांचा, झबल्यांचा ढीग झाला. आईच्या कबरीकडे कुणी फिरकत नव्हतं. अग्लाया तिकडे जायची ती मागच्या वाटेनं, आणि लोकांची पाठ असेल तेव्हा.

शिव्या आता तिच्या वाट्याला येत होत्या. 'बहिणीला संत्री आणि भावाला बर्फाची भिंत.' 'मेलेल्या पोरीबद्दल बोलताना हिच्या डोळ्यांत पाणी नाही, पाहिलंत?' गावातल्या दुकानदारानं पेटी पुढे सरकवून म्हटलं, "संत्री आलीत बाई, ताजी. तुम्हाला तर सवय असेल." रांगेतले हसले. त्यातले दोघे तिच्याबरोबर शेण आणि माती कालवत मोठे झाले होते. ती थांबून त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. ते गंमत करत होते की त्यांना खरंच तसं वाटत होतं, हे तिला कळेना.

रस्ता गॅसच्या नळांसाठी खणला होता. फाटकाशी उभी असलेली गाडी अजून गेली नव्हती. निवडणूक संपली, आता कशाला, असं तिनं आतल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, मला सांगितलेलं नाही.

एका रविवारी प्रार्थनेनंतर ती सावेताकडे गेली. म्हातारी फाटकापुढच्या बाकावर उन्हाला बसली होती, फोन मांडीवर. कालच कुठल्या वाहिनीनं तिचीही मुलाखत घेतली होती. अग्लायानं ती पाहिली होती. सावेता म्हणाली होती, इलिंकाला मीच न्हाऊ घातलं, आणि तो तिबी चुलीपाशी अनवाणी उभा होता, बिचारा.

अग्लाया शेजारी बसली.

"सावेतामावशी, त्या सकाळी चुलीपाशी मी होते."

सावेतानं तिच्याकडे पाहिलं. मग रस्त्यापलीकडच्या गाडीकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे. ती घाबरली असती तर अग्लायाला बरं वाटलं असतं. पण म्हातारीच्या डोळ्यांत भीती नव्हती, लबाडीही नव्हती. होता तो नुसता थोडा गोंधळ, आणि माया.

"तू बर्लादला होतीस, पोरी," ती म्हणाली. "विसरलीस का?"

वाऱ्यानं खणलेल्या मातीचा वास आला. अग्लाया काही बोलायला गेली आणि तिच्या लक्षात आलं, आता आपण जे काही सांगू ते या म्हातारीला आपल्या म्हातारपणाचं लक्षण वाटेल.

"आणि इलिंका?" तिनं विचारलं. "ती तरी होती ना?"

"होती म्हणजे? अगं, या हातांनी न्हाऊ घातलं तिला. केस केवढे दाट. तुझी आई डोक्यावरचा रुमाल सोडून ते पुसत बसली, पुसत बसली. मी म्हटलं, सोड गं आता. तर म्हणते कशी, ओले राहिले तर पोरीला आणखी सर्दी होईल. तिबीनं परात धरली होती. हलत होतं पाणी सगळं, एवढा थरथरत होता तो."

अग्लायाचे दोन्ही हात मांडीवर होते. तिनं ते एकमेकांत घट्ट धरले.

"मग?" ती म्हणाली.

सावेतानं फोन बाजूला ठेवला, रुमाल सारखा केला आणि ती अग्लायाला सगळं पहिल्यापासून सांगायला लागली.